चारही पांढरे

कुर्डुवाडीला पिक्चर बघायला म्हणून निघालेली जीप नानासाहेबांच्या मळ्यात वळली, तेव्हाही व्यंकटला काही वावगं वाटलं नाही. जेवून पुढं जाऊ, असं बलभीम म्हणाला होता. जेवण झालं. मटणाचा रस्सा झणझणीत होता. हात धुऊन चौघं मित्र जरा पाठ टेकायला चिंचेच्या गोडाऊनमध्ये गेले आणि मागं बाहेरून कडी पडली.

गोरोबानं दार ओढून बघितलं, मग ठोठावलं. नानासाहेबांचा जुना गडी कोंडिबा बाहेर बाजेवर बसला होता. त्यानं तिथूनच शांतपणे सांगितलं, की उद्याचा दिवस आराम करायचा, परवा सकाळी मीटिंगला गाडीनंच पोचवायचं आहे. चहापाण्याला काही लागलं तर हाक मारा.

तेव्हा कुठं चौघांच्या डोक्यात उजेड पडला.

शहाऐंशीचा दुष्काळी उन्हाळा होता. परंड्याजवळच्या त्यांच्या गावात दूध संस्था होती आणि परवा तिच्या चेअरमनची निवड होती. एका बाजूला नानासाहेब, गावातले सगळ्यात मोठे बागायतदार. दुसऱ्या बाजूला मथुराबाई. ही विधवा बाई दारोदार फिरून माणसं सभासद करत गेली तेव्हा, आपल्या खेड्यातलं दूध कोण विकत घेणार, असं लोक म्हणायचे. संस्था उभी राहिली ती तिच्या पायपिटीवर. व्यंकट, गोरोबा, रेवणप्पा आणि बलभीम हे चौघंही संचालक होते आणि चौघांनी तिला शब्द दिला होता. चौघं तिकडं गेले तर नानासाहेब पडणार, एवढं साधं गणित होतं.

“पळवलं गड्या आपल्याला,” गोरोबा म्हणाला आणि त्याला हसूच आलं. असल्या गोष्टी झेडपीच्या मेंबरांच्या ऐकलेल्या. आपल्यासारख्या भट्टी लावणाऱ्या कुंभाराला कुणी पळवून नेईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

सकाळी हसू राहिलं नाही. वरचे पत्रे नऊलाच तापले. पंखा होता, पण लाईट गेलेली. वर हातभर जाळी होती. पोत्यावर उभं राहिलं की तिच्यातून कुर्डुवाडीचा रस्ता दिसायचा आणि एखादी एसटी गेली की धुळीचा लोट. मागं परसाकडं जायचं तर कोंडिबा एकेकाला सोडायचा, काठी घेऊन बरोबर चालायचा, पाठ करून उभा राहायचा आणि परत आणून कडी घालायचा. वागणं अगदी अदबीचं. त्याला शिव्या द्यायच्या तरी कशा, हा प्रश्न होता.

रेवणप्पाला दुकानाची काळजी लागली होती. तो दर थोड्या वेळानं उठून जाळीपाशी जायचा. गोरोबा पत्रा कुठं सैल आहे का ते चाचपत होता. बलभीम काल रात्रीपासून फार बोलला नव्हता. तोच मग म्हणाला की दिवस जायचा न्हाय असा, गडाचा खेळ मांडू.

हा खेळ बलभीमनंच काढलेला. चौघं परंड्याच्या हायस्कुलात एका वर्गात होते. शाळा सुटल्यावर गावाकडची एसटी यायला उशीर असायचा. मग हे चौघं किल्ल्यात जाऊन बुरुजाच्या सावलीला बसायचे. एकानं सांगायचं, बाकीच्यांनी गडावरचं एकेक माणूस व्हायचं. सांगणारा म्हणायचा, शत्रू दारात आलाय, काय करता? ज्यानं त्यानं आपण काय करतो ते बोलायचं आणि चार चिंचोके टाकायचे. चिंचोक्याची एक बाजू दगडावर घासून पांढरी केलेली असायची. चारही काळे पडले की घात. मधलं काही पडलं तर सांगणाऱ्यानं ठरवायचं. पण चारही पांढरे पडले, तर तोंडातून जे निघालं ते झालंच पाहिजे. तिथं सांगणाऱ्याचंही काही चालत नसे. या खेळापायी त्यांनी कितीदा एसटी चुकवली होती आणि घरी बोलणी खाल्ली होती.

चिंचोक्यांना इथं तोटा नव्हता. गोरोबानं चार निवडून फरशीवर घासले. बलभीमनं कोळशाच्या तुकड्यानं जमिनीवर गड काढला. तट, खंदक, दरवाजा, विहीर. सांगणारा अर्थातच बलभीम. गोरोबा पहिल्यापासून तोफेवरचा. रेवणप्पा म्हणाला की आपण वाणी, माल घेऊन गडावर आलो आणि वेढ्यात अडकलो.

लहानपणी व्यंकटच्या वाट्याला दरवाज्याची राखण यायची. तसं कुणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. तो काही बोलायच्या आधीच ते त्याला दिलेलं असायचं. त्याच्या बापानं छप्पन्न साली धम्म घेतला, घरातले जुने देव उचलले, पण गडावरचं पोराचं काम तेच राहिलं होतं. आता तो संस्थेत राखीव जागेवरून निवडून आलेला संचालक होता.

“आज म्या किल्लेदार,” व्यंकट म्हणाला.

रेवणप्पानं बलभीमकडं बघितलं. मग गोरोबा म्हणाला की व्हय, आता वय झालं त्याचं, आणि सगळे हसले. खेळ सुरू झाला.

बलभीम अजूनही सांगायचा तर ऐकत राहावं असं. गडाला वेढा पडून लई दिस झालेत, पाऊस न्हाय, विहिरीत गाळ उरलाय, तटावरची माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघत्यात, असं तो बोलत गेला आणि व्यंकटला तापलेला पत्रा विसरायला झाला. त्यानं पाण्याची वाटणी लावली. पोराबाळांना आधी, घोड्यांना शेवटी. गोरोबानं तोफ डागून शत्रूचा एक तंबू उडवला आणि स्वतःच खूश झाला. दुपारचं जेवण आलं तेही त्यांनी खेळता खेळता खाल्लं. रेवणप्पासुद्धा जाळीपाशी जायचा थांबला.

मग रेवणप्पा म्हणाला की आपला वाणी आता कंटाळला, तो पाणी जायच्या मोरीतून रांगत बाहेर पडतो. त्यानं चिंचोके टाकले. चारही पांढरे पडले. गोरोबानं मांडीवर थाप मारली.

बलभीम म्हणाला, मोरी पलीकडून बुजवलेली हाय.

रेवणप्पा कुरकुरला, पण मोरी खरंच बुजवलेली असू शकते म्हणून गप्प बसला. पुढं गोरोबानं वेढ्यातल्या एका चौकीदाराला फितवायचं ठरवलं. चिंचोके उडाले. परत चारही पांढरे. बलभीम म्हणाला, चौकीदार बदललाय, नवा माणूस ऐकत न्हाय.

व्यंकट चिंचोक्यांकडं बघत राहिला. मग बलभीमकडं. बलभीम तळहात गुडघ्यावर घासत होता आणि मान वर करत नव्हता. शाळेत असताना हाच बलभीम नियमाला इतका पक्का होता की एकदा चारही पांढरे पडले म्हणून त्यानं गोरोबाला घोड्यासकट खंदकावरून उडी मारू दिली होती.

“चारही पांढरे पडल्यावर न्हाय म्हणायचं नसतं,” व्यंकट म्हणाला.

आजचा गड अवघड हाय, असं काहीतरी बलभीम पुटपुटला.

मग व्यंकटनं चिंचोके उचलून बाजूला ठेवले. तो म्हणाला की किल्लेदाराच्या हुकमाला चिंचोके लागत नाहीत. दार उघडायचं. तटावरच्यांनी कुणी हत्यार उचलायचं नाही. किल्लेदार एकटा, रिकाम्या हातानं खाली जाणार आणि काय हवंय ते विचारणार.

बलभीमच्या कपाळावरचा घाम ओघळून नाकावर आला, तोही त्यानं पुसला नाही.

“जाऊ नको,” तो म्हणाला.

“का?”

“खाली तुझी म्हस हाय. आपल्या सगळ्यांची जनावरं हायेत.”

खेळात म्हैस कुठंच नव्हती.

मग बलभीमनं सगळं सांगितलं. दुष्काळातली जनावरांची छावणी नानासाहेबांच्या रानात होती, कडबा त्यांच्या हातून सुटायचा. निवड उलटी गेली तर चौघांची दावणीची जनावरं त्याच दिवशी सोडून बाहेर हाकलणार होते. नानासाहेबांनी बलभीमला आधीच बोलावून हे ऐकवलं होतं. दोस्तांना गाडीत घालून आणायचं काम त्याच्याकडं होतं, आणि कुणी आडवा पाय घातला तर जनावरांचं सांगायचं, हेही त्याच्याकडंच. आणायचं काम त्यानं केलं. सांगायची मात्र छाती झाली नव्हती.

रेवणप्पानं विचारलं, कधीपासून ठाऊक होतं. बलभीम म्हणाला, पिक्चरचं बोललो तवापासून.

गोरोबा तोंडाला येईल ते बोलला. त्याचा एकच बैल उरला होता, मातीची गाडी ओढणारा. बोलून झाल्यावर तो भिंतीकडं तोंड करून पडला. रेवणप्पानं आपलं पोतं उचलून पलीकडच्या कोपऱ्यात नेलं. पण खोलीच ती केवढी. पलीकडचा कोपरा म्हणजे पाय लांब केले तर पाय लागायचा. कुणाला कुणापासून लांब जायला जागा नव्हती. कोंडिबानं चहा आणला, चौघांनी एकाच ताटलीतून कप उचलले, आणि कप खाली ठेवल्याचा आवाज तेवढा झाला.

व्यंकटला आपली आई दिसत होती. गौराबाईनं ती म्हैस रेडकू असल्यापासून वाढवली होती. छावणीत तिला बांधून आल्यावर त्या रात्री ती जेवली नव्हती. बाहेर रानात गवताची काडी नव्हती. म्हैस सुटली तर किती तग धरणार, हे सांगायला कुणी शहाणा लागत नव्हता. सकाळपर्यंत त्याला वाटत होतं की आपण दाराआड आहोत. दाराचं काय, चौघांनी खांदा लावला असता तर बिजागऱ्या निघाल्या असत्या.

दिवस कलल्यावर कोंडिबालाच दया आली. आत उकडून निघत असंल, म्हणून त्यानं कडी काढली, दार सताड उघडलं आणि बाजेवर जाऊन तंबाखू मळत बसला. थोडं वारं आत आलं. उंबऱ्यापलीकडं मोकळं रान होतं, पलीकडं रस्ता. म्हातारा एकटाच होता.

चौघांतलं कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीपनं त्यांना संस्थेच्या दारात सोडलं. अंगावर तेच कपडे, चिंचेचा वास मारणारे. ऑफिसात तालुक्याहून आलेले साहेब टेबलापाशी बसले होते. नानासाहेबांनी उठून चौघांना बसायला जागा दिली, तब्येत विचारली. मथुराबाई भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर पदर, पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. तिनं चौघांकडं एकदा बघितलं. रेवणप्पानं मान खाली घातली.

व्यंकटनं रात्रभर तळमळून एक ठरवलं होतं. नानासाहेबांच्या नावाला हात वर करायचा नाही. बाकीचे काय करायचं ते करोत. आपल्या एका हातानं मथुराबाई निवडून येत नव्हती, हे त्याला कळत होतं. तरी हात मांडीखाली दाबून तो बसला होता, आणि हाताला मुंग्या आल्या होत्या.

साहेबांनी नावं वाचली. दोघांच्या नावांवर हात वर करून मत घ्यायचं, असं सांगितलं. नानासाहेबांनी उपरणं सारखं केलं.

तेवढ्यात मथुराबाई उभी राहिली.

“साहेब, माझं नाव मागं घ्या,” ती म्हणाली.

साहेबांनी विचारलं की कुणाचा दाब आहे का. ती म्हणाली, कुणाचा न्हाय, माझं मी घेतीय. तिच्या बाजूचा एक म्हातारा संचालक तिच्या पदराला ओढून खाली बसवू लागला, पण तिनं टेबलापाशी जाऊन सही केली. नानासाहेब बिनविरोध चेअरमन झाले. पेढे आणून ठेवलेलेच होते.

व्यंकटनं तिला बाहेर रस्त्यावर गाठलं. तिला सगळं आधीच कळलं होतं. चौघं गावात दिसत नव्हते आणि छावणीत त्यांच्या जनावरांपाशी नानासाहेबांचा माणूस उभा होता. तेवढं तिला पुरलं होतं.

“काकू, म्या त्यांच्या नावाला हात वर केला नसता,” व्यंकट म्हणाला.

मथुराबाई चालता चालता थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण थकवा होता. इतकी वर्षं दारोदार फिरून आला नसेल तेवढा.

“नसतास केला,” ती म्हणाली. “पण तुझ्या आईची म्हस रानात मेली असती, तर मला रोज सकाळी तुझ्या आईला तोंड दाखवायचं व्हतं.”

एवढं बोलून ती गेली. तिच्या मागं जावं, काही तरी म्हणावं, असं व्यंकटला वाटलं, पण तो रस्त्यातच उभा राहिला. राग आला तो कुणाचा, हेही त्याला नीट कळेना. रात्रभर जे धाडस जमवलं होतं, ते वापरायची वेळच तिनं येऊ दिली नव्हती. ते खरं होतं की नाही, हे आता कधीच कळणार नव्हतं.

दुपारी तो छावणीत गेला. म्हैस जागेवर होती. शेजारच्या दावणीला बलभीम आपल्या बैलांना कडबा टाकत होता. दोघं आपापलं काम करत राहिले.

मग बलभीमनं मान न वळवता विचारलं, “तू हात वर केला असतास का?”

व्यंकट पेंढीची गाठ सोडत होता. मथुराबाईला त्यानं एक उत्तर दिलं होतं. तेच परत तोंडात आलं, पण बाहेर पडेना.

“ठाव न्हाय,” तो म्हणाला.

म्हशीनं त्याच्या हातातली पेंढी ओढून घेतली आणि ती कराकरा खाऊ लागली.