मधली सीट

आमच्या घरात मी बहिरी आहे हे ठरून गेलेलं होतं. कुणी कान तपासले नव्हते की डॉक्टरने तसं सांगितलं नव्हतं. नवऱ्याने ठरवलं, पोरांनी माना डोलावल्या, आणि झाले मी बहिरी. "कानात बोळे घातलेस का गं?" असं हे सारखं विचारायचे, म्हणून मुलगी लाडात आली की मला बोळेबाई म्हणायची.

सगळं सुरू झालं ते गाडीतल्या गाण्यांवरून. गाडी घेतली तेव्हा तिच्यात साधा रेडिओसुद्धा नव्हता. ह्यांनी एक डेक आणि दोन स्पीकर आणले आणि दोन सुट्ट्या खर्ची घालून सगळं स्वतःच्या हाताने बसवलं. मेकॅनिकला हात लावू द्यायचा नाही आणि घरात पडलेली वस्तू असताना नवी आणायची नाही, हा ह्यांचा बाणा. डेक पुढे बसला. स्पीकर बसले मागच्या काचेखालच्या फळीवर, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मग आम्ही सगळे फिरायला निघालो. पुढे हे आणि सासूबाई, कारण सासूबाईंचे गुडघे मागे मावत नसत. मागे दोन खिडक्यांशी दोन पोरं आणि त्यांच्या मधे मी, नाहीतर त्यांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या असत्या. ह्यांच्या आवडत्या गायिकेचं गाणं लागलं. सासूबाई बोटांनी ठेका धरायला लागल्या, पोरं गुणगुणायला लागली. मी विचारलं, "अहो, बाई कुठेय?"

"कुठली बाई?"

"गाणारी. नुसती वाद्यंच ऐकू येतायत. बाई विहिरीत पडल्यासारखी वाटतेय."

गाडीत असा काही हशा पिकला की ह्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. त्या दिवसापासून मी बहिरी.

पुढे मी किती वेळा म्हटलं असेल, पण पालथ्या घड्यावर पाणी. सासूबाई गेल्यावर मी पुढच्या सीटवर आले आणि तिथे मात्र बाई बऱ्यापैकी ऐकू यायला लागली. मी भोळेपणाने तसं बोलून दाखवलं. तर हे म्हणतात कसे, "बघ, मन लावून ऐकलं की येतं ऐकू." मी खिडकीबाहेर बघत बसले.

गेल्या वर्षी हे गेले. पोरं आपापल्या गावी, आपापल्या व्यापात. गाडी माझ्याकडे राहिली, आता मीच चालवते. मी शिवण शिकवते, आणि माझा क्लास गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे चार बायका येतात, मशीनवर बसतात, उलटसुलट टाके घालतात, माझी बोलणी खातात. दिवसभरात माझं जे काही बोलणं होतं ते तेवढंच. गाडीत मी ह्यांचीच गाणी लावायचे. बंद काचांआड नुसतं इंजिन ऐकत जायचं म्हणजे जीव नको होतो.

मग उजवा स्पीकर खरखरायला लागला. खड्डा आला की खर्र, रस्ता गुळगुळीत लागला की गप्प. आणि एक दिवस सगळंच बंद पडलं. डेकवर दिवासुद्धा लागेना. मुलाचा फोन आला तेव्हा मी त्याला हे सांगितलं. मला वाटलं, चार गोष्टी सुचवेल. तो म्हणाला, "आई, तुला नीट ऐकू येत नाही, तर गाणी कशाला हवीत? मला तर तुला हॉर्न तरी ऐकू येतो का याचीच काळजी वाटते. एक गिऱ्हाईक आहे. रविवारी येतो आणि गाडी घेऊन जातो. काढून टाकू."

हॉर्नचं काय, तर मागे तो आला होता तेव्हा मागचा ट्रकवाला भोंगा वाजवत होता आणि मी हलले नाही. अरे, सिग्नल लाल होता! पण बहिऱ्या बाईचं ऐकतो कोण? मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. गाडी गेली की क्लास गेला, आणि क्लास गेला की मी आणि चार भिंती. आणि माझ्या बाजूने एक शब्द बोलेल असं माणूस मला आठवेना.

रडून झाल्यावर मात्र डोकं फिरलं. म्हटलं, गाडी जायची तर जाईल, पण वाजत जाईल.

ह्यांची पक्कड, टेस्टर आणि चिकटपट्टी काढली. स्टिअरिंगखालचं झाकण उघडून फ्यूज बघितला, तर त्यातली तार तुटलेली. दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, मावशी, घरातल्या कुणाला तरी पाठवा. म्हटलं, घरातलं कुणी म्हणजे मीच, द्या फ्यूज. आणून बसवला, बटण दाबलं, आणि टक्! तोही उडाला. हात दाखवून अवलक्षण. आणखी एक फ्यूज आणायला परत दुकानात. आता मात्र त्यालाच चेव आला. म्हणाला, कुठेतरी वायर सोलवटून पत्र्याला टेकत असणार. खड्ड्यात खरखरायचं ना? मग स्पीकरच्या वायरी आधी बघा.

डिकीत डोकं घातलं. वायर सापडली आणि मी कपाळाला हात लावला. ती आमच्या दारावरच्या घंटीची उरलेली वायर होती! आतल्या दोन्ही तारा पांढऱ्या. स्पीकरला एक तार अधिकची, एक उण्याची. ती ओळखायला ह्यांनी अधिकच्या तारेवर दोन्ही टोकांना लाल ठिपका दिला होता, माझ्या नेलपॉलिशचा. त्या बाटलीसाठी मी घर पालथं घातलं होतं आणि मोलकरणीवर संशय घेतला होता. उजवी वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती. मी खराब तुकडा कापला, तारा पुन्हा जोडल्या, पट्टी गुंडाळली. आयुष्यभर सुईत दोरा ओवला, मला त्यात काय अवघड.

कापाकापीत आपला काही घोळ झाला नाही ना, एवढं बघायचं राहिलं. त्यासाठी दुकानदाराने एक युक्ती सांगितली होती. वायरची डेककडची टोकं सोडवायची आणि ठिपक्याच्या तारेला घड्याळातल्या सेलचं अधिक टोक टेकवायचं. स्पीकरचा पडदा बाहेर उचलला तर बरोबर, आत गेला तर उलटं. सोपं आहे, पण माणसं दोन लागतात. एकाने पुढे सेल टेकवायचा आणि दुसऱ्याने मागे पडदा बघायचा. दुसरं माणूस आणू कुठून? मी मागच्या फळीवर फोन उभा केला, चित्रण चालू केलं आणि पुढे जाऊन सेल टेकवला. नंतर फोनमध्ये बघितलं. डावा पडदा बाहेर. उजवा पडदा आत. आणि पुढून माझाच आवाज येतोय, "दिसलं का? बाहेर आला का?" रिकाम्या सीटला विचारतेय बाई. कसंतरीच झालं.

घोळ माझा नव्हता. मी एकेक तार कापून तिची तिलाच जोडली होती. मागच्या टोकाचा ठिपकाच चुकीच्या तारेवर होता, पहिल्या दिवसापासून. वायर गालिच्याखालून मागे नेली की दोन पांढऱ्या तारांतली कुठली कुठे निघाली हे एकट्या माणसाला कसं कळणार? दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरायला हवं. मी घरातच होते. हाक मारली असती तर ओल्या हातांनी धावत आले असते. पण हाक मारायची म्हणजे कमीपणा. ह्यांनी आपला अंदाजाने ठिपका दिला.

दुकानदाराला फोन करून विचारलं, एक स्पीकर उलटा जोडला तर काय होतं? तो म्हणाला, एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. दोन्हींतून सारखं येतं ते मधल्यामधे मरतं. वाद्यं इकडेतिकडे असतात, ती वाचतात. गाणारीचा आवाज दोन्हीकडे सारखा, तो जातो. कडेला बसणाऱ्याला फारसं कळत नाही, पुढे तर नाहीच. अगदी मधे बसलेल्यालाच कळतं. मी त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. त्याने सांगितलं, आणि हसून म्हणाला, "पण मावशी, मधे बसतंय कोण?"

तारा उलट्या केल्या, गाणं लावलं आणि जाऊन मधल्या सीटवर बसले. बाई आली. अगदी मानेशी उभी राहून गावी तशी, श्वास घेतलेलासुद्धा ऐकू आला. मी पुढच्या सीटला म्हणाले, "ऐकलंत?" आणि मग मला इतका राग आला की सांगता सोय नाही. एवढ्या वर्षांचं भांडण जिंकले, आणि हरणारा माणूसच जागेवर नाही.

रविवारी मुलगा आला. मी म्हटलं, आधी गाणं ऐक. तो ह्यांच्यासारखाच स्टिअरिंगमागे बसला, बटण दाबलं, म्हणाला, "वाजतंय की. आधीसारखंच."

"मागे बस. मधे."

बसला बापडा. तिथेही म्हणाला, छान आहे. तो कधी मधे बसलाच नव्हता, त्याला आधीचं काय माहीत? मी डिकी उघडली, उजव्या स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल करून पूर्वीसारख्या लावल्या आणि डिकीशीच उभी राहिले. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आई, बाई कुठे गेली?"

"बोळेबाईला विचार," मी म्हटलं.

मी तारा सरळ केल्या. बाई परत आली. तो पाय हलवून बघत होता. मधे जमिनीला उंचवटा आहे, गुडघे हनुवटीशी येतात, टेकायला धड जागा नाही. शेवटी म्हणाला, "इथे बसायचीस तू? कायम?"

"तुम्ही दोघं भांडायचात."

त्याने तिथेच बसून गिऱ्हाइकाला फोन लावला आणि गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. बहिणीलाही फोन करून सगळं सांगितलं. ती खूप हसली, मग एकदम थांबली. जेवून तो निघाला, मी त्याला गाडीने सोडायला गेले. गाडीत तो म्हणाला, "बाबांना कळायला हवं होतं गं." मी समोर रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले.

येताना एकटी होते. गाणं चालू होतं. पुढे बसून ऐकलं तर फरक जवळजवळ कळतच नाही, दुकानदार खरं बोलला. पूर्वी वाजायचं तसंच वाजत होतं.

घरासमोर गाडी लावली. इंजिन बंद केलं, गाणं चालू राहील एवढी किल्ली ठेवली, आणि उतरून मागचं दार उघडून मधे जाऊन बसले. उंचवट्याच्या दोन्हीकडे पाय टाकले, सवयीने अंग चोरलं, दोन्ही बाजूंना पोरांपुरती जागा सोडून. बाई गात होती, शब्द न् शब्द स्पष्ट. समोर दोन रिकाम्या सीटा. तिला नीट ऐकायचं तर इथेच बसावं लागतं, आणि मी इथे बसले की गाडी चालवायला कुणी नसतं. मी गाणं संपेपर्यंत बसले, मग उतरून गाडीला कुलूप लावलं.