बुलबुलाचा गुन्हा

अश्लेषा मूळची वाईची. लग्न होऊन ती तासगावजवळच्या एका वस्तीवर आली. नवरा इंद्रजित फौजेत, तिकडं जम्मूला. त्यामुळं घरात ती आणि सासरे आकाराम अशी दोघंच. आकारामही सुभेदार होऊन निवृत्त झालेले. परत आल्यावर त्यांनी घरामागच्या माळावर माती टाकून द्राक्षबाग उभी केली आणि पहाऱ्यावर असल्यासारखी ती राखली. अश्लेषा त्यांना आबा म्हणायची.

ती तासगावात अकरावी-बारावीला मराठी शिकवायची. फेब्रुवारीच्या अखेरीला अकरावीच्या वर्गात साहित्यातल्या पाखरांचा विषय निघाला होता. जात्यावरच्या ओव्यांपासून आजच्या कवितेपर्यंत गाणारं पाखरू कसं निष्पापपणाची खूण होऊन येतं, हे ती रंगून सांगत होती. तेवढ्यात अंकिता नावाची मुलगी उभी राहिली.

"मॅडम, आमच्या बागेत बुलबुल रोज घड फोडतात. पप्पा त्यांना चोर म्हणतात. मग ते निष्पाप कसे?"

वर्ग हसला. अश्लेषाही हसली. साहित्यातलं पाखरू आणि बागेतलं पाखरू वेगळं असतं, असं काहीतरी तिनं सांगितलं. अंकिता खाली बसली, पण तिला ते पटलं नव्हतं. खरं तर अश्लेषालाही पटलं नव्हतं.

त्या रविवारी आबांचा चहा घेऊन ती बागेत गेली. माल उतरायला आला होता आणि आबांनी मांडवाभोवती नायलॉनच्या बारीक दोऱ्याची जाळी लावली होती. इतकी बारीक की उन्हात दिसायची नाही. ओढ्याच्या अंगाला काहीतरी फडफडलं म्हणून ती तिकडं वळली. एक बुलबुल जाळीत उलटा लटकत होता. दोरा पंखाच्या मुळाशी रुतलेला, शेपटीखालचा लाल ठिपका वर आलेला. चोच उघडी होती, पण आवाज निघत नव्हता.

"आबा, कात्री द्या!"

"ऱ्हाऊ दे गं. एकाला सोडलंस तर त्या भोकातनं धा आत येत्यात."

आबांनी कात्री दिली नाही. तिनं धाव घेऊन खोपटातली घड तोडायची कात्री आणली, बुलबुलाला मुठीत धरलं आणि दोरा कापला. पाखरानं तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला. मूठ सैल झाली तसं ते वेडंवाकडं उडत ओढ्यातल्या बाभळीवर जाऊन बसलं. जाळीला हातभर भोक पडलं होतं.

"झालं समाधान?" आबांचा आवाज चढला. "खाल्लं असतं तर मी काय बोललो नसतो. पर त्यो खात न्हाई, टोचतो. टोचलेल्या मण्यातनं रस गळतो, बाजूचे मणी कुजत्यात, अख्खा घड हातचा जातो. वरीसभर राबायचं ते ह्यांच्यासाठी? तुमच्या कवितेतली पाखरं द्राक्षं खात न्हाईत, त्याला मी काय करू?"

अश्लेषा जाळीच्या कडेनं चालत गेली. पुढं एक वाळून काळा पडलेला बुलबुल दिसला, त्याच्या पुढं दोन मैना. एका जागी फक्त पिसं राहिली होती. बांधावरून ती परत फिरली ती थेट आबांसमोर येऊन थांबली.

"आबा, ही जाळी काढू या."

"बाग माझी हाय."

"मग मला ओढ्याकडच्या चार ओळी द्या. तिथली जाळी काढते आणि राखण मी करते."

आबांनी चहाचा कप खाली ठेवला. सून आजवर असं कधी बोलली नव्हती. "घे. पर तुझ्या ओळीत माझ्यापेक्षा जास्त नुकसान झालं, तर पुन्यांदा हा इषय काढायचा न्हाई."

"नाही काढणार," ती म्हणाली, पण ते म्हणताना तिनं मान खाली घातली नाही.

त्याच दुपारी तिनं चार ओळींची जाळी सोडवली. खांबांना चकचकीत पट्ट्या बांधल्या, एक रिकामा पत्र्याचा डबा आणि काठी घेतली. पाखरं तांबडं फुटल्यावर आणि ऊन कलल्यावर जास्त येतात, हे दोन दिवसांत तिच्या लक्षात आलं. सकाळी डबा वाजवून, ओरडून ती ओळींतून फिरायची आणि मग आवरून एसटी पकडायची. वर्गात तिचा घसा बसलेला असायचा. कॉलेजवरून आली की साडी बदलायच्या आधी बागेत. मधल्या वेळेसाठी तिनं शेजारच्या अंजनाला सांगून ठेवलं होतं. अंजना तिथंच शेळ्या राखायची, तीही अधूनमधून आरोळी द्यायची.

शेजारच्या बागेचे नानासो बांधावरून गंमत बघायचे. त्यांच्या बागेलाही आबांसारखीच बारीक जाळी होती. "आवं सूनबाई, मास्तरीण झाला ती डबा बडवायला व्हय?"

"व्हय," अश्लेषा त्यांच्याच भाषेत म्हणाली आणि आणखी जोरात डबा बडवला.

आठवडाभर बरं चाललं. मग एका सकाळी भोरड्यांचा थवा आला. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ती पाखरं आभाळातून चादर टाकावी तशी तिच्या ओळींवर उतरली. ती डबा बडवत धावली. थवा उठला, वळसा घेऊन पलीकडच्या टोकाला बसला. ती तिकडं पळाली तर तो पुन्हा अलीकडं. शेवटी तो आपणहून निघून गेला तेव्हा मांडवाखाली मण्यांचा सडा पडला होता.

आबा आले. त्यांनी ओळीतून एक फेरी मारली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हरलीस, पोरी."

"हो. हरले."

तिनं कॉलेजला रजा कळवली, कात्री घेतली आणि पहिल्या घडापासून सुरुवात केली. फुटलेला मणी कापायचा, चांगला ठेवायचा. दुपार झाली तरी ती मान वर करून उभीच होती. हात भरून आले, रसानं बोटं चिकट झाली, माशा घोंगावू लागल्या. आबा बराच वेळ खोपटातून बघत होते. मग तेही कात्री घेऊन दुसऱ्या टोकाला उभे राहिले. दिवस मावळायच्या आत बरेच घड वाचले, पण सगळे नाही.

इषय काढायचा नाही, असा शब्द तिनं दिला होता. तो तिनं पाळला. राखणही सोडली नाही.

पुढं चारेक दिवसांनी ती सकाळी बागेत होती, तेव्हा आबाच तिच्याकडं आले. त्यांच्या ओंजळीत एक काळंपांढरं पाखरू होतं. मान लुळी पडलेली.

"दयाळ हाय," ते म्हणाले. "गोठ्याच्या पत्र्यावर बसून शीळ घालायचा त्यो. माझ्या जाळीत घावला." त्यांनी त्याची मान बोटानं सावरली. "ह्यो किडं खातो गं. ह्यानं एक मणीसुदिक खाल्ला न्हवता."

अश्लेषानं पाखराच्या अंगावरून बोट फिरवलं. ते अजून कोमट होतं.

"काढतो जाळी," आबा म्हणाले. "असलं निष्पाप जित्राब मारून बाग पिकवायची न्हाई मला."

ही तिची जीत होती. आता गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण वर्गातली अंकिता तिच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

"आबा, याच्यासाठी काढणार असाल तर उद्या कोणी म्हणेल, दयाळ तेवढे सोडवा, बुलबुल लटकू द्या. बुलबुल मणी टोचतो, ते खरंय. भोरड्यांनी माझ्या ओळी फोडल्या, तेही मी बघितलं. पण त्यांना भूक लागते. तेवढ्यासाठी उलटं लटकून दोन-दोन दिवस मरायचं? निष्पाप असेल तरच जगू द्यायचं, असं कसं चालेल?"

आबांनी बांधाला खड्डा केला, दयाळाला त्यात ठेवलं, माती लोटली. मग कमरेची कात्री काढली आणि जाळीचा पहिला दोर कापला.

उरलेला हंगाम दोघांनी मिळून राखण केली. आबांची आरोळी फौजेतली, ती ओढ्याच्या पार जायची. तरीही नुकसान झालं. जाळीच्या वर्षापेक्षा जास्तच झालं, आणि ते आबांनी स्वच्छ बोलून दाखवलं. "आसं दरसाल परवडायचं न्हाई."

"माहितीय मला. म्हणून दुसरी जाळी शोधते."

त्या उन्हाळ्यात ती स्वस्थ बसली नाही. सुट्टीत पलूस, कवठेमहांकाळकडच्या बागा तिनं पालथ्या घातल्या, भेटेल त्या बागायतदाराला विचारलं. शेवटी एका ठिकाणी तिला हवं ते दिसलं. पांढऱ्या जाड दोऱ्याची, लहान भोकांची जाळी, तारेवर ताणून बांधलेली. पाखराला ती लांबून दिसते, आणि ढिली नसल्यानं पाय-पंख अडकत नाहीत. किंमत ऐकून आबांनी कपाळाला हात लावला. पण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ते स्वतः सांगलीला जाऊन ती घेऊन आले.

घडांत साखर भरू लागली तशी जाळी बांधायला काढली. तार ओढताना इंद्रजितचा व्हिडिओ कॉल आला. "काय चाललंय आबा?"

"तुझी बायको मला कामाला जुपतीया," आबा म्हणाले. "ठेव आता, तार सैल व्हतीय."

त्याच संध्याकाळी ओढ्याकडून एक बुलबुल आला. जाळी दिसताच दचकून मागं सरला, पुन्हा जाळीवर बसून इकडंतिकडं चोच मारली. आत जायला वाट नव्हती. त्यानं शेपटी झटकली आणि सरळ बाभळीपलीकडच्या बोरीवर गेला. तिथं पिकल्या बोरांवर आणखी दोघं आधीच तुटून पडले होते.

नानासो बांधावर उभे होते. या खेपेला ते हसले नाहीत. जाळी दोन बोटांत धरून, ओढून बघत त्यांनी विचारलं, "सूनबाई, ही आणली कुठनं? आमच्या बागेला दावायला येता का उद्या?"

"येते की," अश्लेषा शिडीवरून म्हणाली. "पण तुमची ती जुनी बारीक जाळी आधी कापायची. माझ्यासमोर."

आणि आबांकडं वळून तिनं तार दाखवली. "आबा, ओढा अजून. या कोपऱ्यात ढिली राहिलीय."