समाधान सरांची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. माझा मुलामा उडाला आहे आणि तोंडापाशी दातांची खूण आहे. पण माझा आवाज विचाराल, तर तो आजही मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत पोहोचतो. त्याबाबतीत मी कुणाला हार जाणार नाही.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यात झाला. पितळेचा पत्रा वाकवून, डाख लावून, सांधून मला आकार दिला आणि पोटात बुचाची एक गोळी घातली. ती गोळी नाचते, तेव्हा माझा सूर थरथरतो. तिथून मी जळगावच्या खेळसाहित्याच्या दुकानात आले. काचेच्या कपाटात चषकांच्या शेजारी बसून मी बरीच वाट पाहिली. एके दिवशी धरणगावचे समाधान सर आले. त्यांनी मला दुकानातच असे फुंकले, की बाहेरचा रिक्षावाला मागे वळून पाहू लागला. "हीच द्या," सर म्हणाले. मला फार अभिमान वाटला.

समाधान सर जिनिंगमध्ये यंत्रांवर कामाला होते. कापसाच्या त्या धडधडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज डोंगराएवढा झाला होता. संध्याकाळी ते गावातल्या मुलामुलींना फुटबॉल शिकवत. जीव ओतून शिकवत, पण सगळे ओरडून. "मुस्कान, उजवीकडे! किरण, पास दे! रुची, बाहेर ये!" खेळ सुरू करायला आणि थांबवायला तेवढी मी. बाकीचा वेळ नुसती गळ्यात लोंबकळायची.

घरी गेल्यावरही तेच. सर मुंबईच्या व्यावसायिक संघाचे कट्टर चाहते. टीव्हीवर सामना लागला, की ते पडद्यापुढे उभे राहून खेळाडूंना हुकूम सोडत. त्यांच्या आई यशोदाबाई भाजी निवडता निवडता विचारायच्या, "समाधान, त्या पोरेसले तुनं आयकू येस का रे?" सर हसायचे आणि पुन्हा ओरडायचे.

मग जळगावची स्पर्धा आली. आमची गोलरक्षक होती रुची, बाजारपेठेतल्या कापड दुकानदार सुरेशचंदांची नात. चेंडूवर झेप घ्यायला ती कधी कचरत नसे. त्या दिवशी समोरून एक मुलगा चेंडू घेऊन एकटाच धावत आला. "बाहेर ये!" सर ओरडले. रुची निघाली. "थांब, थांब!" सर पुन्हा ओरडले. ती अर्ध्यावर थबकली आणि चेंडू तिच्या डोक्यावरून जाळ्यात गेला.

सामना हरलो. सगळ्यांसमोर सर तिला म्हणाले, "एवढं सांगून कळत नाही तुला?" रुची रडली नाही. तिने हातमोजे काढले, बाकावर ठेवले आणि आजोबांच्या स्कूटरवर जाऊन बसली. पुढच्या आठवड्यात ती मैदानावर आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

सुरेशचंद मात्र एकदा आले. "समाधानभाऊ, राग मानू नका," ते म्हणाले. "आमची पोरगी चेंडूला भीत नाही. तुमच्या आवाजाला भिते." सरांना ते लागले. पण त्या दिवशीही ते नेहमीइतकेच ओरडले.

आणि मित्रांनो, थोड्याच दिवसांत तो आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग फाटला, मग नुसती हवा येऊ लागली. धुळ्याच्या डॉक्टरांनी घसा तपासून सांगितले, "स्वरयंत्रावर गाठ आलीय. काढून टाकू, बरे व्हाल. पण नंतर महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नको."

"मंग हाऊ पोरेसले शिकाडी कसा?" यशोदाबाईंनी काळजीने विचारले.

डॉक्टरांनी सरांच्या गळ्यात लोंबणाऱ्या माझ्याकडे बोट केले. "ही आहे की. बरं वाटलं की आठवड्याने वाजवा, जरा बेताने."

गाठ निघाली आणि अशी मला बढती मिळाली. पहिल्या दिवशी सरांनी मला इतके वाजवले, की माझ्या पोटातली गोळी दमली. चुकीला शिट्टी, कौतुकाला शिट्टी, उजवीकडे शिट्टी, डावीकडे शिट्टी. मुले नुसती भांबावून फिरू लागली. शेवटी किरण कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सर, कशाची शिट्टी कशासाठी तेच कळत नाही. एकदाच वाजवा ना. आम्ही थांबतो आणि काय दिसलं ते आम्हीच सांगतो."

सरांनी मान हलवली. मी एकदाच वाजले. सगळे जागच्या जागी थांबले. तेव्हा मुस्कान हळूच म्हणाली, "सर, डावीकडे नेहमी मोकळं असतं. मला रोज दिसतं. पण तुम्ही उजवीकडे म्हणता, म्हणून मी उजवीकडे जाते."

मी सरांच्या छातीवरच होते. त्यांचा श्वास अडकलेला मला कळला.

त्याच आठवड्यात मुंबईच्या संघाचा सामना होता. या वेळी सर मुकाट्याने खाली बसून पाहत होते. प्रेक्षकांचा असा कल्लोळ, की कोचचा शब्द कुणाला ऐकू जाणे शक्य नव्हते. आणि तो कोच? बराच वेळ हाताची घडी घालून नुसता उभा होता. त्याचे खेळाडू एकमेकांना हाका मारत, आपापले ठरवत होते. ज्या संघासाठी सर वर्षानुवर्षे घसा फोडत होते, तो संघ त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी रुचीचे हातमोजे धुतले, उन्हात वाळवले आणि थेट सुरेशचंदांच्या दुकानात नेले. रुची गादीवर बसून साड्यांच्या घड्या घालत होती. सरांनी मोजे तिच्यासमोर ठेवले आणि हात जोडले. बोलायची तर सोय नव्हती.

रुचीने मोज्यांना हात लावला नाही. तिने विचारले, "सर, मी बाहेर यायचं की आत थांबायचं, हे कोण ठरवणार?"

सरांनी तिच्याकडे बोट केले.

"मी? आणि गोल झाला तर?"

सरांनी तेच बोट फिरवून स्वतःच्या छातीवर ठेवले. ते बोट अगदी माझ्यावरच टेकले होते.

सुरेशचंदांनी हातातला कापड मोजायचा गज बाजूला ठेवला. "जा बेटा," ते म्हणाले. "घड्या मी घालतो."

धुळ्याच्या स्पर्धेपर्यंत सरांचा आवाज परत आला होता. अंतिम सामन्यात मुस्कानने डावीकडून मुसंडी मारून गोल केला आणि आम्ही एकने पुढे गेलो. शेवटच्या मिनिटांत समोरच्या संघातला उंच मुलगा चेंडू घेऊन एकटाच सुटला. सरांची छाती फुगली, तोंड उघडले. पुढच्याच क्षणी त्यांनी मला उचलून दातांत करकचून धरले. वाजवायला नव्हे, मित्रांनो. स्वतःचे तोंड बंद ठेवायला! माझ्या अंगावरची खूण तीच.

रुची क्षणभरही थबकली नाही. बाणासारखी पुढे आली आणि त्या मुलाच्या पायांशी झेपावून चेंडू पोटाशी घेतला. मग उठून अशी गरजली, "किरण, मागे या सगळे! मुस्कान, पळ!" की सारे मैदान तिच्याकडे बघत राहिले. पंचांची शिट्टी झाली आणि आम्ही जिंकलो. मला तोंडातून काढायचेही सरांना भान नव्हते.

पुढे सरांनी प्लास्टिकची नवी शिट्टी घेतली आणि मी खणात पडले. धुळीने गोळी चिकटली. आपले दिवस संपले असे मला वाटले नाही, पण वाईट वाटले. मग एक दिवस खण उघडला. आता रुची दर रविवारी गावातल्या लहानग्यांना शिकवते. तिने सरांकडून मलाच मागून घेतले. कोमट पाण्याने धुतले, गोळी मोकळी केली आणि नवी दोरी ओवली.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझी एखादी बहीण असेल. तिला धुळीत टाकू नका, खेळून आल्यावर धुऊन कोरडी ठेवा. आणि वाजवाल तेव्हा जोरात वाजवा, लाजू नका. मात्र वाजवून झाल्यावर थोडे थांबा. मी गप्प झाले की मैदानावर क्षणभर शांतता पसरते. तेवढ्यात एखादे पोर काहीतरी सांगायला तोंड उघडत असते. ते ऐका.