उत्तर आलं नाही तर

आत्याचं वय झालं, तिला आता काही लक्षात राहत नाही, यावर सगळ्या घराचं एकमत झालं होतं, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज भाचीचा होता. का नसावा? डिजिटल सह्या तपासणारी प्रणाली तिनंच तर लिहिली होती. तिच्यापुढे बोलणार कोण!

झालं होतं असं की आत्याचं पाकीट चोरीला गेलं. त्यात डिजिटल सहीचं कार्ड, आणि गुप्त आकडा त्याच्याच पाठीवर चिकटवलेला. चोरानं तिच्या सहीनं तिचा शिलाईचा गाळा परस्पर विकून टाकला. "मी लगेच फोन करून कार्ड रद्द केलं होतं," आत्या कानीकपाळी ओरडत होती. "लगेच म्हणजे दुसऱ्या दिवशी," असं म्हणून भाचीनं तिला चारचौघांत गप्प केलं. रद्द कार्डाची सही आमच्या प्रणालीतून जाऊच शकत नाही, हे ती छातीठोकपणे सांगे.

आज ती कागद घेऊन आली होती. आत्याचे सगळे व्यवहार यापुढे तिच्या दादानं, म्हणजे भाचीच्या बाबांनी, बघायचे. आत्या खिडकीशी बसून कुणाच्यातरी पँटची दुमड उसवत होती.

"करते सही. पण मी किती उशीर केला, ते एकदा दाखव तरी."

भाचीनं लॅपटॉप उघडला. सहीवरच्या वेळेचा शिक्का त्रयस्थ संस्था मारते, तो कुणालाच बदलता येत नाही. सही दुपारची होती. कार्ड रद्द झाल्याची नोंद त्याच दिवशी सकाळची.

मग सही पास झाली कशी? उत्तर तिला ठाऊक होतं, हेच तर वाईट. प्रत्येक सहीच्या वेळी प्रणाली विचारते, हे कार्ड चालू आहे का? उत्तर देणारा सर्व्हर अधूनमधून मुका व्हायचा, कामं अडायची, साहेब डोकं खायचे. शेवटी वैतागून तिनंच लिहिलं होतं: उत्तर आलं नाही, तर कार्ड चालू समजा. नंतर बघू म्हणाली होती. नंतर कोण बघतंय!

लॅपटॉप मिटावा आणि सही घेऊन निघावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. आत्यानं तर चष्मा पुसून पेनही हातात घेतलं होतं.

"थांब, आत्या. तू वेळेवरच फोन केला होतास. चूक माझी आहे." मग तिनं सगळं सांगितलं. शिक्क्याच्या पुराव्यावर गाळा परत मिळेल, हेही.

"म्हणजे आतून कुणी ओ दिली नाही, तर घरात सगळं ठीक समजायचं?"

"हो."

आता ही चांगली खरडपट्टी काढणार, असं भाचीला वाटलं. तिला तेच हवं होतं. पण आत्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मला आठवत होतं ते खरंच होतं! अगं, पडल्या पडल्या तो फोन आठवून बघायची मी. शेवटी शेवटी वाटायला लागलं, केलाच नसेल." ती डोळे पुसत हसत होती. भाचीला तिच्याकडे बघवेना. गाळ्यापेक्षा मोठं काहीतरी आपण हिच्याकडून काढून घेतलं होतं, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दादाला फोन लाव," आत्या म्हणाली. "स्पीकरवर."

बाबांनी ऐकलं आणि ते भडकले. "असली बिनडोक ओळ लिहिली कुणी? त्याला आधी घरी बसवा!"

आत्यानं घाईनं ओठांवर बोट ठेवलं. नको सांगूस.

"अगं, ऐकतेस ना? कुणी लिहिली?"

"मी, बाबा."

पलीकडून बराच वेळ काहीच उत्तर आलं नाही.