आटवलेलं पाणी

मी एक जुना स्टीलचा गंज आहे, मित्रांनो. दचकू नका, लोखंडाला चढतो तो गंज मी नव्हे. यवतमाळकडे पातेल्याला गंज म्हणतात. प्रभाआजींच्या लग्नात आहेर म्हणून आलो आणि गेल्या चैत्रात त्यांच्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीला खेटून, आयर्लंडला ॲथलोन गावी पोचलो. पोचलो खरा, पण इथे जिवाला स्वस्थता म्हणून कशी ती नाही!

झालं असं. जेवताना आजींचा मुलगा उपेंद्र सहज बोलून गेला, "आई, इथे नळाच्या पाण्यात सरकार फ्लोराइड घालतं. दात किडू नयेत म्हणून."

आजींचा घास हातातच राहिला. "मुद्दाम टाकते? अरे, त्याच फ्लोराइडनं आपलं गाव नासलं नं!"

खोटं नव्हतं ते. आमच्या हापशीच्या पाण्यात जमिनीतूनच इतकं फ्लोराइड यायचं, की पोरांचे दात तपकिरी पडायचे आणि म्हाताऱ्यांचे गुडघे वाकायचे. उपेंद्रच्याही दातांवर पट्टे आहेत. हसताना तो ओठ मिटून घेतो.

"इथे अगदी थोडं असतं गं, मोजून," त्यानं समजावलं. पण आजी कसल्या ऐकतात! सहा वर्षांच्या स्वरांगीचे दुधाचे दात पडून नवे येत होते ना. दुसऱ्या दिवसापासून मी शेगडीवर चढलो तो उतरेचना. पाणी अर्धं होईस्तोवर आटवायचं आणि तेवढंच नातीला पाजायचं.

"आजी, द टॅप इज ग्रँड," पोरगी कुरकुरायची. इथे 'चांगलं आहे'ला ग्रँड म्हणतात.

"तुह्यं ग्रँड राहू दे. चूपचाप पे बाई."

माझ्या तळाशी पांढरा थर धरला, की आजी तो नखानं खरवडून म्हणायच्या, "पाह्य, निघालं का नाही जहर!"

मला मात्र चैन पडेना. वर जाते ती निव्वळ पाण्याची वाफ. बाकीचं बरंचसं माझ्याच पोटात राहतं, हे मला जन्मापासून ठाऊक. त्यात बरं काय, वाईट काय, ते तेवढं ठाऊक नव्हतं. मी झाकण थडाथडा आपटायचो आणि आजी आच बारीक करायच्या.

सूनबाई देवयानी इथल्या विद्यापीठात पाणी तपासण्याचंच काम करते. सासूशी वाद नको म्हणून बिचारी महिनाभर गप्प बसली. मग एक दिवस दोन बाटल्या घेऊन गेली, एक नळाची, एक माझ्यातली. संध्याकाळी हळूच म्हणाली, "आई, तो थर चुन्याचा आहे. फ्लोराइड उकळून जात नाही. पाणी आटलं की उरलेल्यात दाट होतं. तुमच्या पाण्यात जवळजवळ दुप्पट निघालं. महिनाभरानं स्वरूला काही होत नाही, पण आता थांबवूया."

आजींनी माझ्याखालची शेगडी बंद केली आणि खुर्ची ओढून बसल्या. नातीकडे नाही, त्या उपेंद्रकडे बघत होत्या.

"तुलेबी म्या असंच पाजलं बापा. डॉक्टर म्हणे, उकळून दे. मले वाटलं, जेवढं आटवीन तेवढं चांगलं. ह्याच गंजात. तुह्ये दात म्याच नासवले."

मित्रांनो, त्या क्षणी मला भंगारात जावंसं वाटलं. चाळीस वर्षं मी 'बाळाच्या पाण्याचा गंज' म्हणून मिरवत होतो हो!

उपेंद्र आईपाशी खाली बसला. "त्या वर्षी गावात गॅस्ट्रोची साथ होती, आठवतं? शेजारची दोन पोरं गेली. तू उकळलंस म्हणून मी राहिलो. दातांचं काय घेऊन बसलीस!" आणि तो हसला, चांगलं तोंडभरून.

स्वरांगी धावत आली. "बाबा, यू हॅव स्ट्राइप्स!" तिनं ते पट्टे कधी पाहिलेच नव्हते.

बाळांनो, माया जरूर करा. पण जाणत्याला एकदा विचारा, आणि आधी विचारा. माझ्यासारख्या मुक्या भांड्याला सांगता येत नाही.

आता माझ्यात चहा होतो. पहिली उकळी आली की आजी घाईनं मला उतरवतात. मग कप देताना अजूनही एकदा उपेंद्रच्या तोंडाकडे बघतात.