शिवणीत दबलेली चौकट

मल्लिनाथ कोनापुरे चौथ्या पानावर मरतो, पण ती चौकट शिवणीत दबल्यामुळे तो अजून घरात होता आणि सुगंधाच्या हातची कडक भाकरी आमटीत चुरून खात होता. त्याच्या मानेमागे भिंतीतून लोखंडी पहारीचं टोक बाहेर आलेलं होतं. पहार हलत नव्हती, पडतही नव्हती. पहिल्याच दिवशी मल्लिनाथनं तिच्यावर टॉवेल वाळत घातला.

"आधी तो टॉवेल काढा," सुगंधा म्हणाली. "खुंटी वाटली होय ती तुम्हाला?"

"चांगली मजबूत आहे की," मल्लिनाथ म्हणाला आणि त्यानं आणखी आमटी मागितली.

आता याला काय म्हणावं? स्वतःच्या टाळक्यावर पडायची वस्तू, आणि हा गृहस्थ तिच्यावर कपडे वाळत घालतो. सुगंधानं टॉवेल ओढून काढला आणि दोरीवर टाकला. पहारीवर ओला डाग राहिला.

झालं होतं ते असं. ‘लोहमुठीचा सूड’ नावाचं एक पातळ कॉमिक निघालं. मुखपृष्ठावर लाल पट्टीत छापलं होतं, ‘एका अंकात संपूर्ण’. म्हणजे मागचा अंक नाही, पुढचा नाही, जे काय व्हायचं ते या बत्तीस पानांतच. बार्शीत त्याची एकच प्रत आली, ती बगाडेमामांच्या वाचनालयात. इतर गावांतही प्रती गेल्या होत्या, पण तिथं मल्लिनाथ नुसतं चित्र होता. माणूस ज्या गावात राहतो त्या गावातली प्रत त्याला लागू होते. हा काही सुगंधानं केलेला नियम नव्हता.

मल्लिनाथचा पेठेत मिक्सर दुरुस्तीचा गाळा होता. कॉमिक काढणारे निनाद शेवडे कधीतरी सासुरवाडीला बार्शीत आले होते, तेव्हा सासूबाईंचा मिक्सर घेऊन त्या गाळ्यावर बसले होते. बसल्या बसल्या त्यांनी मल्लिनाथचा फोटो काढला. मल्लिनाथनं फोटोसाठी केसांवरून हात फिरवला होता, तोसुद्धा चित्रात आला.

चौथ्या पानावर तीन चौकटी. बाहेरच्या चौकटीत मल्लिनाथ मिक्सरवर वाकून हसतोय. मधल्या चौकटीत त्याच्यावर सावली पडते. तिसरी, डोक्यात पहार बसायची चौकट आतल्या बाजूला, आणि तिथं बगाडेमामांची शिवण आडवी आली. मामांची ती जुनीच खोड. सुटे अंक राहत नाहीत, कुणी सुरळी करून माश्या मारतं, कुणी पोराच्या ताटाखाली घालतं. म्हणून मामा चार-पाच पातळ कॉमिक एकावर एक ठेवायचे, आरीनं भोकं पाडायचे, जाड दोऱ्यानं शिवायचे आणि वर पुठ्ठा चिकटवायचे. शिवायचे ते इतकं आत घेऊन, की आतल्या बाजूच्या चौकटी अर्ध्या घडीत जायच्या. अख्खं गाव असंच वाचत आलं होतं. बाहेरची बाजू डोळ्यांनी वाचायची, आतली मनानं भरून काढायची. त्या आळशी शिवणीनं माझा नवरा वाचवलाय, हे सुगंधाला कळलं तेव्हा तिनं मामांच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या होत्या.

पण गावाला राहवतंय थोडंच! पाचव्या पानावर एक पोरगा हंबरडा फोडतो, सहाव्यावर लोखंडी मूठ आणि मुखवटा घालून निघतो आणि पुढं लोकांना बडवत सुटतो. म्हणजे मधे काहीतरी भारी झालंय हे सगळ्यांना कळत होतं. ज्याच्या घरी पुस्तक जाईल तो चौथ्या पानाशी थांबायचा आणि दोन्ही अंगठे लावून घडी फाकवायचा. कुणी ती फाकवली, की कोनापुऱ्यांच्या घरात पहार पुढं यायची.

समोरच्या लता डोके स्वयंपाक अर्धा टाकून आल्या. त्यांना अंगठा जिभेला लावून पानं उलटायची सवय होती, आणि अंगठ्याच्या नखात कायम हळद.

"वैनी," त्या म्हणाल्या, "लई ताणून बघितलं हो, पण आत काय दिसंना. भाऊजींचा एक कान तेवढा दिसला."

"ताणलं कशाला?"

"अगोबाई, बघायला नको? एवढी गोष्ट वाचायची आणि खरं तेच बघायचं नाही?"

"लताबाई, ते समोर बसलेत. बघा की. पोटभर बघा."

लताबाईंनी मल्लिनाथकडं पाहिलं. मल्लिनाथ म्हणाला, "या, चहा घ्या." त्यांनी चहा घेतला. जाता जाता म्हणाल्या, "पुस्तकात जरा उजळ दिसतात." त्या संध्याकाळी पहार वीतभर पुढं आली, आणि मल्लिनाथला मान पुढं घालून झोपावं लागलं.

सुगंधा तडक वाचनालयात गेली. मामा खळ लावलेला पुठ्ठा दाबत बसले होते.

"मामा, ते पुस्तक मला द्या. कायमचं."

"वाचनालय सभासदांचं आहे, वैनी. मी कोण देणारा? आणि आज त्याच्यासाठी रांग आहे."

"माणूस मरेल हो."

"गोष्टीत मरतोय. मी थोडाच मारतोय?"

"मग निदान आणखी एक बोट आत घेऊन शिवा."

मामा दुखावले. "आणखी आत? लोक म्हणतील, बगाडेला बाइंडिंग जमत नाही. आधीच बोलतात." त्यांनी पुठ्ठ्यावर पाटा ठेवला. "रविवारी शेवडे साहेब येणार आहेत, सह्या द्यायला. त्यांची गोष्ट आहे, त्यांच्याशीच बोला."

ती बोलायलाच गेली. वाचनालयात सतरंजी अंथरली होती, टेबलावर हार होता. शेवडे सभ्य होते, हळू बोलायचे, समोरच्याकडं बघून मान हलवायचे. अशा माणसाशी भांडायचं म्हणजे उशीला बुक्क्या मारण्यासारखं, पण सुगंधा हटणारी नव्हती.

"तुम्ही माझ्या नवऱ्याला मारलंय," ती म्हणाली.

शेवड्यांनी पेनाला टोपण लावलं. "कितव्या पानावर?"

"चौथ्या."

"हां, ते. फार छान चेहरा. बघताक्षणी कळवळा यावा असा."

"कळवळा आला म्हणून मारायचं?"

"आला म्हणूनच तर. वाचकाला चीड आली पाहिजे, बाई. त्याशिवाय तो पोरगा मुखवटा कसा घालणार?"

"आम्हाला पोरबाळ नाही."

"गोष्टीत आहे."

"मग पुढच्या अंकात ह्यांना उठवून बसवा."

"पुढचा अंक नाही. एका अंकात संपूर्ण." त्यांनी मुखपृष्ठावरची लाल पट्टी बोटानं हवेत ओढून दाखवली. "सुरुवात, सूड, शेवट. सुरुवातीला कुणीतरी लागतंच."

"बरं. ह्यांचं नाव काय ठेवलंय?"

"कुणाचं?"

"माझ्या नवऱ्याचं. पुस्तकात."

शेवडे जरा आठवू लागले. "नाव नाही ठेवलं. तीनच तर चौकटी आहेत. पण तोंडी शब्द आहे हां. ‘आई गं!’ तिसऱ्या चौकटीत."

सुगंधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मुखवटेवाल्याला दोन नावं, एक दिवसाचं, एक रात्रीचं. त्याच्या मोटारसायकलीलासुद्धा नाव, टाकीवर ठसठशीत लिहिलेलं. आणि ज्या माणसानं अर्ध्या बार्शीच्या चटण्या वाटत्या ठेवल्या, ज्याच्या जिवावर ही गोष्ट उभी, त्याला नाव नाही? "मोटारसायकलीचं बारसं केलंत," ती ओरडली, "आणि माणसाला तसंच बेवारस मारलंत? लाज नाही वाटत?"

लोक तिच्याकडं वळून बघायला लागले, त्यातले काही हसले. शेवड्यांनी तिची समजूत घालावी म्हणून मामांचा तो जाडजूड गठ्ठा पुढं ओढला, चौथं पान उघडलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "हे काय? ही माझी या अंकातली सगळ्यात चांगली चौकट! हिच्यासाठी मी किती राबलो. ही कुणी शिवून टाकली?"

सतरंजीवरचे सगळे खाली बघू लागले. गावाची अब्रूच गेली जणू. मामांचे कान लाल झाले. "चूक झाली, साहेब. उद्या सकाळी उसवतो. सगळ्यांसमोर उसवतो, मोकळं करून ठेवतो."

टाळ्या पडल्या. परवाच ज्यांच्या मिक्सरचं पातं मल्लिनाथनं बसवून दिलं होतं, ते मास्तरही टाळ्या वाजवत होते. सुगंधानं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं. मग तिनं टेबलावरून पुस्तक उचललं, पदराखाली धरलं आणि ती चालू लागली. कुणी अडवलं नाही. सही घेऊन घरी निघाली असेल असं सगळ्यांना वाटलं.

घरी मल्लिनाथ कुणाच्या तरी मिक्सरचं भांडं मांडीवर घेऊन बसला होता. पहार त्याच्या केसांना टेकली होती. सुगंधानं गोधड्या शिवायचा दाभण काढला, त्यात जाड दोरा ओवला आणि उंबऱ्याशी बसून मामांच्या शिवणीपेक्षा बोटभर आत घेऊन पहिला टाका घातला.

पहार चार बोटं मागं गेली. कपाट चार बोटं पुढं आलं.

"अगं, कपाट सरकलं," मल्लिनाथ म्हणाला.

"सरकू द्या."

दुसऱ्या टाक्याला खिडकी घडीत गेली. तिसऱ्याला भिंतीवरचं कॅलेंडर बुधवारपर्यंतच उरलं. पहार मागं मागं जात होती आणि घर आत आत येत होतं, देण्याघेण्यासारखं, चोख. सुगंधाला त्याचं काही वाटलं नाही. घर पुन्हा मिळतं.

"शेगडी गेली," मल्लिनाथ म्हणाला.

"जाऊ द्या."

"मग चहा?"

"नंतर."

दारात माणसं जमली. मामांचा आवाज आला, "वैनी, असं करू नका, पुस्तक सभासदांचं आहे!" शेवड्यांचा आला, "बाई, निदान ती चौकट एकदा बघा तरी, तुम्हालाही आवडेल." काय माणूस आहे! सुगंधानं इतक्या रागानं टाका ओढला की दार चौकटीसकट शिवणीत गेलं, आणि बाहेरचे आवाज गोधडीतून आल्यासारखे यायला लागले.

आता दोघांना बसता येत नव्हतं. उभं राहूनही खांदे तिरके करावे लागत होते.

"तू बाहेरच्या बाजूला राहिली असतीस तर चाललं असतं," मल्लिनाथ म्हणाला. "तिकडं जागा आहे."

"गप बसा. पुढच्या पानावर रडत बसू काय मी? तिथं आहे की तो मुखवटेवाला, बोंबलायला."

मल्लिनाथ हसला. चित्रात हसला होता त्यापेक्षा हे हसू बरंच वाकडं होतं, आणि तेच खरं होतं.

शेवटच्या टाक्याला पहार दिसेनाशी झाली. मल्लिनाथनं कित्येक दिवसांनी मान सरळ केली. दोघं छातीला छाती लावून उभे होते, त्याच्या सदऱ्याला मशिनच्या तेलाचा वास येत होता, आणि जागा होती ती फक्त त्या वासापुरती. सुगंधानं हाताकडं पाहिलं. दाभण हातात होता. पुस्तक नव्हतं. पुस्तक बाहेर राहिलं होतं, गल्लीत, उंबऱ्याच्या जागी, आणि ती दोघं आत होती.

"जिरवली एकेकाची," ती म्हणाली.

लांब कुठल्यातरी पानावरून ती नाव असलेली मोटारसायकल गेली. मग वर खसखस झाली. पानं उलटली जात होती, एक, आणखी एक. डोक्यावरच्या फटीतून उजेड आला आणि त्या उजेडात एक अंगठा उतरला. अंगठा ओला होता. त्याच्या नखात हळद होती.

"बघू तरी आत काय आहे ते," लताबाईंचा आवाज आला, अगदी मायेचा.

अंगठा मल्लिनाथच्या पाठीमागच्या भिंतीवर टेकला आणि दाबायला लागला. दोरा करकरला. मल्लिनाथच्या मानेमागं भिंतीला टेंगूळ आलं. सुगंधानं दोन्ही हात त्याच्या मानेमागं नेले आणि तळव्यांनी मान झाकली.

"नाव सांगा," ती म्हणाली.

"आता?"

"आत्ताच. मोठ्यानं सांगा. बापाचं, गावाचं, सगळं सांगा. कळू द्या तिला कोण आहे ते."

मल्लिनाथनं घसा खाकरला. "मल्लिनाथ शिवलिंग कोनापुरे," तो म्हणाला. "राहणार बार्शी. मिक्सर दुरुस्ती." शब्द त्याच्या तोंडातून निघाले आणि त्या एवढ्याशा पांढऱ्या जागेत, दोघांच्या डोक्यांवर, काळ्या अक्षरात उभे राहिले.

अंगठा थांबला.

"आत काहीतरी लिहिलंय हो," लताबाई कुणालातरी म्हणाल्या. "अर्धंच दिसतंय."

समोरच्या भिंतीवर दुसरा अंगठा टेकला.