शेख दिसूकीच्या गालातला नूर

इजिप्तमधल्या दुमयात शहराच्या सुतारआळीत संध्याकाळी रंधे थांबले, की सगळी गर्दी शलबीच्या कहवाघराकडे लोटायची. तिथे शेख दिसूकीचा चमत्कार चालायचा. कुपीतलं मंतरलेलं पाणी तो हुक्क्यात ओतायचा, नळीतून छातीभर धूर ओढायचा, डोळे मिटून कोंडून धरायचा आणि मग पांढऱ्याशुभ्र रुमालातून फुंकायचा. रुमाल कोरा!

"विष पाण्यानं गिळलं रे, गिळलं! ज्याची श्रद्धा पक्की, त्याच्या गालात नूर, अल्लाचा उजेड, उतरतो. उघड रे तोंड, बदीर!"

बदीर सुतार आ करायचा. आत गालावर पांढरा चट्टा. "सुब्हानल्लाह!" गर्दी गरजायची. ज्याच्या गालात नूर नाही, तो बिचारा खजील होऊन आणखी एक चिलीम मागवायचा.

आळीतल्या मितवल्ली सुताराच्या गालातही असाच नूर उतरला होता. खुर्चीच्या पाठीवर वेल कोरावी तर त्यानंच. पुढे तो नूर चिरला, त्याला शिजवलेला घेवडाही गिळवेना. "नूर जड झालाय, सोसायचं," शेख म्हणाला. इस्पितळात नेला तेव्हा जबडा पोखरून निघाला होता.

त्याची बायको सनिय्या पाच वेळा नमाज पढणारी, सोमवार-गुरुवार रोजा धरणारी. मान वर करून बोलली नाही कधी. नवऱ्याला पुरल्यापासून मात्र दर सजद्यात, कपाळ जमिनीला टेकून, ती एकच मागायची : या रब, त्या माणसाचं तोंड माझ्या देखत बंद कर. शेजारणींना वाटे, नवऱ्याच्या शांतीसाठी मागते आहे. तेही मागायची, पण नंतर.

एक गोष्ट तिला टोचत होती. शेवटी शेवटी मितवल्लीला धूर आत ओढवत नसे. गालात भरायचा आणि रुमालात सोडायचा. ते तपकिरी रुमाल साबण घासूनही निघत नसत. पाणी शेखचंच, हुक्काही तोच. मग शेखचा रुमाल कोरा कसा?

गुरुवारी, रोजा असतानाच, आळीतल्या दातांच्या डॉक्टर शाहिनाजना घेऊन ती कहवाघराच्या दारात उभी राहिली.

"वहिनी, बायकांनी इथं..." शलबी चुळबुळला.

"माझा नवरा इथंच संपला, भाऊ. मला उभं राहण्यापुरती जागा द्या." मग शेखकडे वळून, "आज धूर छातीत नका नेऊ. नुसता गालात घ्या आणि फुंका."

"ईश्वरी कामात बाई अटी घालते!"

"बरं. बदीर, तू फुंक रे."

बदीरनं गाल फुगवून धूर रुमालात सोडला. रुमालावर तपकिरी डाग उमटला.

"धूर छातीत कोंडला, की त्यातलं डांबर आतच बसतं," शाहिनाज म्हणाल्या. "रुमालावर जे दिसलं नाही, ते माणसात राहिलं."

बदीरचा चेहरा उतरला. "आणि माझा नूर?"

"रंधा धरतोस तिथं हाताला काय पडलंय?"

"घट्टा."

"गालातल्या पेशींचंही तेच. रोज धूर नि धग लागली, की अस्तर जाड होतं. पेशी मरतात, नव्या घाईघाईनं वाढतात, त्यात काही बिघडलेल्या निपजतात. प्रत्येक चट्ट्याचा कॅन्सर होत नाही. पण कुठल्याचा होईल, हे नुसत्या डोळ्यांनी मलाही कळत नाही. तुकडा काढून तपासावा लागतो."

"पुस्तकी बडबड!" शेख ओरडला. "नूर मी ओळखतो!"

"मग तुमचाही दाखवा की," सनिय्या हळूच म्हणाली.

शेखनं ओठ घट्ट मिटले. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्याच सुरात हाळी दिली, "उघड रे तोंड, दिसूकी!" हशा उसळला. मग हसणं थांबलं आणि सगळे नुसते बघत राहिले. शेवटी त्याला आ करावाच लागला.

शाहिनाजनी बॅटरी धरली. "इथं चट्टा होता. कापून काढलाय. टाक्यांचा वण आहे. चांगल्या सर्जनचं काम दिसतंय."



"मला... मला दुखत होतं," शेख पुटपुटला.

"मितवल्लीलाही दुखत होतं," सनिय्या म्हणाली.

बदीरनं ती कुपी गटारात ओतली. शेख सनिय्यापुढे वाकला. "माफ कर, बाई."

"माफी अल्लाकडे मागा. तो दयाळू आहे. मी नाही."

सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली, रोजा सुटला. पदराच्या गाठीतला खजूर तोंडात टाकून, शेख अंगण ओलांडून पार दिसेनासा होईपर्यंत सनिय्या बघत राहिली. खजूर इतका गोड तिला कित्येक दिवसांत लागला नव्हता. मागे बॅटरीपुढे आ करून सुतारांची रांग लागली होती. सगळ्यात पुढे बदीर.

पाणी देवानं तहानेसाठी दिलं आहे. त्यातून गुडगुडत आलेला धूर धूरच असतो, कुणी काहीही मंतरो. गालात चट्टा दिसला तर ताबडतोब डॉक्टरकडे जा. आणि चमत्कार सांगायला कुणी आलाच, तर आधी त्याला आ करायला लावा.